डिजिटल कॅमेऱ्यातील छायाचित्रे जुन्या संगणकावर कशी उतरवावीत?

मक्याच्या पोंग्यात शिरलेली अळी नेमकी कोणत्या जातीची आहे, हे ठरल्याशिवाय तिच्यावरील उपाय ठरविता येत नाही. अमेरिकन लष्करी अळीची नोंद भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात झाली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण असते व शरीराच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात मांडलेले चार ठिपके असतात. ह्या खुणा स्पष्ट दिसतील असे छायाचित्र राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांपुढे वेळेवर गेले, तर अळी लहान असतानाच तिचा बंदोबस्त करता येतो. अळी मोठी होऊन पोंग्यात खोलवर शिरली, म्हणजे औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.

परंतु पुष्कळदा असे होते की, शेतावर जाऊन छायाचित्र काढले जाते आणि ते कॅमेऱ्यातच अडकून पडते. गावातील संगणक जुना असतो, तो कॅमेरा ओळखत नाही, कॅमेऱ्याबरोबर आलेली तबकडी हरवलेली असते, आणि ह्या खटपटीत आठवडा निघून जातो. क्वचित घाईत भलतीच कळ दाबली जाऊन छायाचित्रे नाहीशीही होतात. तेव्हा ह्या कामातील नेहमीच्या अडचणी कोणत्या, त्यांची कारणे काय व त्या कशा दूर कराव्यात, ह्याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना असणे आवश्यक आहे.

कॅमेऱ्यात छायाचित्र कसे साठते?

पहिला डिजिटल कॅमेरा अमेरिकेतील कोडॅक कंपनीमध्ये स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्याने १९७५ साली तयार केला. त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे होते व ते कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. पुढे साध्या कॅमेऱ्यातील चित्रही १ कोटी बिंदूंच्या वर गेले आणि फितीची जागा नखाएवढ्या मेमरी कार्डाने घेतली.

कार्डावर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष छायाचित्रे आणि दुसरी म्हणजे कोणते छायाचित्र कोठे ठेवले आहे ह्याची अनुक्रमणिका. तलाठी दप्तरातील गट क्रमांकांची यादी आणि प्रत्यक्ष जमीन ह्यांचा जो संबंध, तोच येथे आहे. यादीचे पान फाटले म्हणून जमीन नाहीशी होत नाही. मात्र ती शोधणे अवघड होते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील पुष्कळशा सूचनांचा अर्थ आपोआप कळेल.

कार्ड उघडले असता त्यात ‘डीसीआयएम’ नावाचा कप्पा दिसतो. जवळजवळ सर्व कंपन्यांचे कॅमेरे छायाचित्रे ह्याच कप्प्यात ठेवतात. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर मिळालेले सॉफ्टवेअर हाती नसले, तरी सामान्यतः काही अडत नाही. ते सॉफ्टवेअर ही सोय आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत ती अट नव्हे.

दोष शोधण्याचा क्रम

विहिरीवरील पंप पाणी उचलीनासा झाला, म्हणजे जाणता शेतकरी लगेच मोटार उघडीत नाही. वीज आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय, फूटव्हॉल्व्ह पाणी धरतो काय, हे तो क्रमाने पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा. प्रथम बॅटरी, मग केबल, मग संगणकाचा पोर्ट, नंतर कॅमेऱ्यातील व्यवस्था, त्यानंतर कार्ड आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

१. बॅटरी व केबल

कॅमेरा संगणकाला जोडण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. पुष्कळ कॅमेऱ्यांची बॅटरी यूएसबी केबलमधून भरली जात नाही; उलट छायाचित्रे उतरविताना ती खर्च होते. काम अर्धवट असताना कॅमेरा बंद पडला, तर उरलेली छायाचित्रे संगणकावर येत नाहीत.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारा विजेसाठी व दोन माहितीसाठी. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलने मोबाइल भरला जातो, परंतु संगणकाला कॅमेरा जोडल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून शक्यतो कॅमेऱ्याचीच केबल वापरावी आणि ती नसल्यास दुसरी केबल लावून खात्री करावी.

जुन्या संगणकाच्या पुढील बाजूचे पोर्ट कधीकधी सैल झालेले किंवा आतून नीट न जोडलेले असतात. मागील बाजूचा पोर्ट मुख्य पाटीवरच बसविलेला असल्यामुळे अधिक भरवशाचा असतो. मध्ये हब असल्यास तो काढून टाकावा.

२. कॅमेऱ्यातील व्यवस्था

केबल जोडल्यानंतर कॅमेरा चालू करावा. काही कॅमेरे छायाचित्र पाहण्याच्या स्थितीत, म्हणजे ‘प्ले’ स्थितीत, असल्याशिवाय संगणकाशी बोलत नाहीत. इतके करूनही उपयोग झाला नाही, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी’ ह्या शीर्षकाखाली काय निवडले आहे ते पाहावे. तेथे बहुधा ‘मास स्टोरेज’ व ‘पीटीपी’ असे दोन पर्याय आढळतात.

‘मास स्टोरेज’ निवडले असता संगणकाला कॅमेरा एखाद्या पेन ड्राइव्हसारखा दिसतो व ‘माय कॉम्प्युटर’मध्ये त्याचे स्वतंत्र अक्षर येते. ‘पीटीपी’ निवडले असता संगणक त्याला कॅमेरा म्हणूनच ओळखतो. विंडोज एक्सपीमध्ये असा कॅमेरा कंट्रोल पॅनेलच्या ‘स्कॅनर्स अँड कॅमेराज’ ह्या भागात दिसतो. एका पर्यायाने काम झाले नाही, तर दुसरा निवडून केबल पुन्हा जोडावी. काही कॅमेऱ्यांत मात्र पीटीपी हा एकच मार्ग दिलेला असतो.

३. संगणक कॅमेरा ओळखत नसेल तर

संगणक किती जुना आहे, ह्यावर उपाय अवलंबून असतो. विंडोज ९८ मध्ये अशा कॅमेऱ्यासाठी लागणारा ड्रायव्हर मुळातच नसतो. ड्रायव्हर म्हणजे संगणक व यंत्र ह्यांमधील दुभाषा होय. ह्या संगणकासाठी कॅमेरा कंपनीने दिलेला ड्रायव्हर आधी बसवावा लागतो व त्यानंतरच केबल जोडावयाची असते. क्रम उलटा झाला तर ओळख चुकीची नोंदली जाते. विंडोज मी, विंडोज २००० व एक्सपी ह्यांमध्ये आणि त्यांपुढील आवृत्त्यांमध्ये मास स्टोरेजचा ड्रायव्हर अंतर्भूत असल्यामुळे वेगळी तबकडी लागत नाही.

एक्सपी किंवा विंडोज ७ असूनही कॅमेरा दिसत नसेल, तर ‘माय कॉम्प्युटर’वर माउसची उजवी कळ दाबून ‘मॅनेज’ व त्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. विंडोज ७ मध्ये तेथे नुसते ‘कॉम्प्युटर’ असे लिहिलेले असते. एखाद्या नावापुढे पिवळी खूण दिसली, तर तेथे ओळख बिघडली आहे असे समजावे. ती नोंद कॅमेऱ्याचीच आहे अशी खात्री करून ‘अनइन्स्टॉल’ करावी, केबल काढावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा व मग केबल जोडावी. संगणक कॅमेऱ्याची ओळख नव्याने करून घेतो.

कार्यालयातील एक्सपी संगणकात आणखी एक दोष आढळतो. तो संगणक दुसऱ्या संगणकाशी जोडलेला असून तेथील सामाईक कप्प्याला ‘एफ’ किंवा ‘जी’ असे अक्षर दिलेले असते. एक्सपी कधीकधी तेच अक्षर कॅमेऱ्यालाही देते आणि त्यामुळे कॅमेरा जोडलेला असूनही दिसत नाही. अशा वेळी ‘मॅनेज’मधील ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन कॅमेऱ्याचे अक्षर बदलून ‘पी’ किंवा ‘आर’ असे दूरचे अक्षर द्यावे. तेथील इतर कोणत्याही आज्ञेला हात लावू नये.

४. कार्ड रीडर: सर्वांत सोपा उपाय

वरील खटपट करूनही यश आले नाही, तर कॅमेरा बाजूला ठेवून त्यातील कार्ड बाहेर काढावे व ते यूएसबी कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाला जोडावे. कार्ड काढण्यापूर्वी कॅमेरा बंद केलेला असावा. ह्या मार्गात कॅमेऱ्याची बॅटरी, त्याची केबल, त्याची व्यवस्था व त्याचे सॉफ्टवेअर ह्या चारही गोष्टी वगळल्या जातात. म्हणून दोष कॅमेऱ्याकडे आहे की संगणकाकडे, हे ठरविण्यासही तो उपयोगी पडतो. पेन ड्राइव्हएवढे हे साधन फारसे महाग नसते. ग्रामपंचायतीत असे एक साधन ठेवल्यास अनेकांची सोय होईल.

मात्र कार्ड व कार्ड रीडर एकमेकांस जुळणारे असले पाहिजेत. २ गिगाबाइटपर्यंतची साधी कार्डे ‘एसडी’ म्हणून ओळखली जातात. त्यावरील ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे ‘एसडीएचसी’ व त्याहून मोठी ‘एसडीएक्ससी’ होत. ही नावे कार्डावर छापलेली असतात. तिन्हींचा आकार एकच असल्यामुळे ती कोणत्याही खाचेत बसतात. परंतु फक्त ‘एसडी’साठी बनविलेला जुना रीडर किंवा कॅमेरा ‘एसडीएचसी’ कार्ड वाचू शकत नाही. ‘एसडीएक्ससी’ कार्डावरील अनुक्रमणिका ‘एक्सफॅट’ ह्या निराळ्या पद्धतीने लिहिलेली असते. विंडोज ७ ती पद्धत जाणते. एक्सपीला मात्र त्यासाठी २००९ साली निघालेली वेगळी पुरवणी बसवावी लागते. तात्पर्य, ज्यांना एक्सपीवर काम करावयाचे आहे त्यांनी ३२ गिगाबाइट किंवा त्याहून लहान कार्डच खरेदी करावे.

पावसाळ्यातील दमट हवेमुळे कार्डाच्या धातूच्या पट्ट्यांवर थर बसतो व ते वाचले जात नाही. कोरड्या मऊ कापडाने त्या हलक्या हाताने पुसाव्यात. चाकूने खरवडू नये किंवा पाणी लावू नये.

५. ‘कार्ड फॉरमॅट करावयाचे काय?’

वाचता न येणारे कार्ड घातले, म्हणजे संगणक असा प्रश्न विचारतो. ह्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘नाही’ असेच द्यावे. संगणकाला अनुक्रमणिका समजली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. पुष्कळदा कार्ड चांगले असते, केवळ संगणक जुना असतो. तेच कार्ड कॅमेऱ्यात परत घालून पाहावे. छायाचित्रे तेथे दिसत असतील, तर दुसऱ्या नव्या संगणकावर ती उतरवून घ्यावीत.

चुकून फॉरमॅट झाले किंवा छायाचित्रे पुसली गेली, तरी धीर सोडू नये. पुसताना बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी काढली जाते. मूळ छायाचित्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसेच राहते. म्हणून त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही नवे छायाचित्र काढू नये. कार्ड बाजूला काढून ठेवावे. ‘फोटोरेक’ ह्या विनामूल्य सॉफ्टवेअरने अशी छायाचित्रे पुष्कळ वेळा परत मिळविता येतात. परत मिळालेली छायाचित्रे त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर ठेवावीत. कार्डावर नंतर बरेच काम झालेले असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही.

६. छायाचित्रे उतरविण्याची रीत

संगणकावर प्रत्येक भेटीसाठी नवा कप्पा तयार करावा आणि त्यास दिनांक, गाव व पीक अशा क्रमाने नाव द्यावे. वर्ष आधी, मग महिना व मग दिवस लिहिल्यास कप्पे आपोआप तारखेप्रमाणे लागतात. नंतर ‘डीसीआयएम’मधील छायाचित्रे निवडून ‘कॉपी’ करावीत व नव्या कप्प्यात ‘पेस्ट’ करावीत. ‘कट’ कधीही करू नये. ‘कॉपी’ करताना अडथळा आला, तर मूळ छायाचित्र कार्डावर सुरक्षित राहते.

नवा कप्पा करण्याचे आणखी एक कारण आहे. काही कॅमेरे कार्ड रिकामे झाले की छायाचित्रांना पुन्हा १ पासून क्रमांक देतात. जुन्या कप्प्यात त्याच क्रमांकाचे छायाचित्र असेल, तर संगणक ‘रिप्लेस’ करू काय, असे विचारतो. त्यास होकार दिल्यास मागील पंधरवड्यातील बोंडअळीच्या छायाचित्राच्या जागी आजचे छायाचित्र बसते व जुने कायमचे जाते.

जुना संगणक काम सावकाश करतो. तो बंद पडला आहे असे समजून केबल उपटू नये. जुन्या यूएसबी १.१ पोर्टचा वेग सेकंदास १२ मेगाबिट एवढाच असतो. प्रत्यक्षात त्यातून सेकंदास सुमारे १ मेगाबाइट माहिती जाते. ४ मेगाबाइटची २०० छायाचित्रे म्हणजे ८०० मेगाबाइट होत. त्यास १३ मिनिटांहून अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. यूएसबी २.० पोर्टवर तेच काम काही थोड्या मिनिटांत होते. आरंभ करण्यापूर्वी संगणकावर पुरेशी मोकळी जागा आहे, हेही पाहून घ्यावे.

काम संपल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातील ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ ह्या खुणेचा उपयोग करून मगच कार्ड किंवा केबल काढावी.

७. छायाचित्रे उघडत नसल्यास

१ कोटी २० लाख बिंदूंचे छायाचित्र कार्डावर ४ ते ५ मेगाबाइट जागा घेत असले, तरी पडद्यावर उघडताना प्रत्येक बिंदूस ३ बाइट ह्या हिशेबाने संगणकाच्या स्मृतीत ३६ मेगाबाइट जागा व्यापते. ज्या संगणकाची स्मृती २५६ मेगाबाइट आहे, त्यावर अशी दहा छायाचित्रे एकदम उघडल्यास तो अडखळणारच. म्हणून छायाचित्रे एकेक करून पाहावीत. सर्व डिस्क धुंडाळून अल्बम बनविणारी सॉफ्टवेअरे अशा संगणकावर बसवू नयेत.

कॅमेऱ्यात ‘रॉ’ पद्धत निवडली असल्यास किंवा २०१७ नंतरच्या आयफोनवरील ‘एचईआयसी’ पद्धतीचे छायाचित्र असल्यास जुना संगणक ते उघडू शकत नाही. कॅमेऱ्यात ‘जेपेग’ पद्धत व आयफोनमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय आधीच निवडून ठेवावा.

कधी कार्डावरील कप्पे नाहीसे होऊन त्यांच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसू लागतात. ही व्हायरसची बाधा होय. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. छायाचित्रे बहुधा कार्डावरच लपविलेली असतात. व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर असलेल्या चांगल्या संगणकावर कार्ड तपासून मगच ती काढून घ्यावीत. अनोळखी संगणकाला लावण्यापूर्वी कार्डाच्या कडेची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवावी, म्हणजे त्यावर सहसा काही लिहिले जात नाही. कॅमेऱ्यात परत घालताना ती पूर्ववत करावी, नाही तर छायाचित्र निघणार नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी सुरक्षा पुरवण्या देणे ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबविले. असे संगणक छायाचित्रे साठविण्यासाठी व पाहण्यासाठी वापरण्यास हरकत नाही. मात्र ते इंटरनेटला न जोडलेले बरे.

८. दिनांक व पाठविण्याची पद्धत

प्रत्येक छायाचित्रात ते काढल्याचा दिनांक व वेळ आपोआप नोंदली जाते. परंतु कॅमेऱ्यातून बॅटरी फार दिवस काढून ठेवल्यास त्याचे घड्याळ मूळ तारखेवर जाते. यंदाच्या गारपिटीच्या छायाचित्रावर दहा वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर पुरावा म्हणून त्यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून शेतावर जाण्यापूर्वी घड्याळ पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तज्ज्ञांकडे व्हॉट्सॲपवरून छायाचित्र पाठवावयाचे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. साध्या रीतीने पाठविले असता त्याचा आकार कमी केला जातो व दिनांकाची नोंदही गळते. अळीच्या पाठीवरील चार ठिपके अशा वेळी एकमेकांत मिसळून जातात, आणि ज्या खुणेसाठी छायाचित्र काढले तीच दिसेनाशी होते.

९. कार्ड केव्हा रिकामे करावे?

पुढील चार गोष्टी झाल्याशिवाय कार्ड रिकामे करू नये.

(१) कार्डावरील व संगणकावरील छायाचित्रांची संख्या व एकूण आकार जुळला पाहिजे.
(२) पहिले, शेवटचे व मधली दोन-चार छायाचित्रे उघडून पाहिली पाहिजेत.
(३) पेन ड्राइव्ह किंवा दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवली पाहिजे. जुन्या संगणकाची डिस्क केव्हा दगा देईल ह्याचा नेम नसतो.
(४) दोन्ही प्रती शाबूत असल्याची खात्री झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच घालून, कॅमेऱ्याच्याच आज्ञेने फॉरमॅट करावे. त्यामुळे अनुक्रमणिका त्या कॅमेऱ्याला हवी तशीच तयार होते.

बियाण्याची पिशवी रिकामी करण्यापूर्वी शेतकरी कणगीला भोक नाही ना, हे पाहतो. येथेही तितकीच दक्षता पुरेशी आहे. संगणक जुना असला म्हणून काम अडण्याचे कारण नाही. क्रम सोडला नाही, मूळ छायाचित्र दुसरी प्रत होईपर्यंत जपले आणि न समजलेल्या प्रश्नाला घाईने ‘होय’ म्हटले नाही, तर शेतावर दिसलेली कीड त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखविता येईल व तिच्यावरील उपायही वेळेवर योजता येतील.